सुतळीचं माप

आईनं बापाच्या छातीचं माप सुतळीवर घेतलं.
एक गाठ छातीची, एक बाहीची.
सुतळी माझ्या पासपोर्टच्या पाकिटात सारली.
गॉलवेच्या दुकानात मी ती टेबलावर सरळ केली
तेव्हा म्हाताऱ्या दुकानदारणीनं चष्मा लावून
आधी गाठी बघितल्या, मग मला.

तिच्याकडं दोन ढीग होते.
एक यंत्राचा, हलका, माझ्या ऐपतीतला.
दुसरा हातविणीचा, ओल्या कोकरासारखा जड.
दुसऱ्यातलं एक उलटं करून तिनं शिवण दाखवली.
घोंगडी घेताना माझी आई हेच करते:
सुलटी बाजू विणकराची, उलटी गिऱ्हाइकाची.

मी विचारलं, बुडालेले खलाशी म्हणे विणीवरून ओळखू येत?
घराघराची वीण वेगळी?
ती म्हणाली, ते आम्ही पाहुण्यांना सांगतो.
आणि पाच युरो कमी केले.
सुतळीसाठी की कशासाठी, कळलं नाही.

रात्री आतल्या शिवणीतून एक धागा उपटला,
गॅसवर धरला.
केस जळाल्याचा वास. राखेची गोळी बोटांत चुरली.
बाहेर अटलांटिक गुरगुरत होता,
आत कातरणीचा दिवस.

मानवतला पारा सहावर.
परभणीत चारावर, पेपरात रोज शेकोटीचा फोटो.
बाप जिनिंगवर रात्रीचा वॉचमन,
पंचवीस हिवाळे कापसाच्या गाठींना टेकून.
त्यानं स्वेटर हातावर तोललं.
"किलोभर हाय. कुनाचं?"
"तुमचं, दादा."
"पांढरं? आन् जिनिंगवर?"
सकाळी परतला तेव्हा अंगभर रुई चिकटलेली होती
आणि दिसत नव्हती.

आईनं वीण बोटांनी वाचली.
ही तिपेडी वेणी. हे आग्या मव्हाचं पोळं.
ह्या चौकटी म्हंजी वाघूर, आत मेंढरं बसत्यात.
"आन् ही वाकडी रेघ?"
कड्यावरची पायवाट, मी म्हणाले.
"मंग तिकडची मेंढरं बी सरळ चालत न्हाईत."

मी कागद लिहून आणला होता:
थंड पाणी. घासू नये. पिळू नये.
दोरीवर टांगू नये.
"मला लोकर शिकवतीस व्हय गं?"
तिनं रिठे रात्रीच भिजत घातले होते.
धुतलेलं स्वेटर जुन्या लुगड्यात गुंडाळलं,
त्यावर उभी राहून पाणी काढलं,
आणि लिंबाखाली बाजेवर पसरलं, बाह्या दोहीकडं.
कोंडाबाई दारातूनच म्हणाली,
"कोन निजलंय गं मैनाबाई, भर दुपारचं?"

उन्हाळाभर ते पत्र्याच्या पेटीत,
लिंबाच्या पाल्यात, घोंगडीच्या घडीत.
कसर घोंगडी सोडून त्याला लागंल
अशी आईला धास्ती. पाला दोनदा बदलला.

पुढच्या हिवाळ्यात फोनवर बापाचं कोपर दिसलं.
गाठीच्या लोखंडी पट्टीला अडकलेलं,
आणि रफू काळ्या कुळकुळीत लोकरीचं.
पांढरा दोरा नव्हता का घरात?
"व्हता की. कापसाचा.
लोकर आटती, कापूस आटत न्हाई. वढाताण व्हती."
मग जरा थांबून,
"त्या बाईला सांग, डावी बाही दोन बोटं वाढली."

सुट्टीच्या दिवशी बस धरून गेले.
दुकान हिवाळ्यासाठी बंद, दाराला साखळी.
काचेला नाक लावलं, वाफ पुसली.
आत अंधारात सगळी स्वेटरं
घडी घालून, आडवी.
भिंतीवर हँगर होते, रिकामे.